गाडीचा उजवा कान

पत्रेकामाच्या त्या शेडवर पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. गाडी कुठे आपटली, चेपली, दुमडली की लोक म्हणत, "बरोबरकडे ने." नवख्या माणसाला वाटे, वाक्य अर्धंच राहिलं, कुणाबरोबर ने? पण 'बरोबर' हे शेडच्या मालकाचं टोपणनाव होतं, आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलेलं होतं. गिऱ्हाईक म्हणे, दार नीट लागत नाही. "बरोबर." गिऱ्हाईक म्हणे, समोरच्याचीच चूक होती. "बरोबर." गिऱ्हाईक विचारे, गाडी कधी मिळेल? "बरोबर." हे शेवटचं उत्तर ऐकून गिऱ्हाईक मनात म्हणे, मुरलेला धंदेवाला आहे, तारखेत अडकत नाही.

खरी गोष्ट अशी की त्याला उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. वडील पत्र्याच्या बादल्या आणि ट्रंका करत. तो लहानपणापासून त्यांच्या डाव्या हाताला बसायचा आणि वडिलांची हातोडी त्याच्या उजव्या कानाशी वाजायची. पुढे स्वतःची हातोडी आली, तिने उरलंसुरलं काम पूर्ण केलं. पण पत्रेवाल्याला ऐकू येत नाही हे कळलं तर धंदा बसेल, अशी त्याला धास्ती होती. पत्रा ठोकून त्याच्या आवाजावरूनच तर कळतं, कुठे ताण आहे आणि कुठे ढिलाई. म्हणून त्याने युक्ती काढली होती. उजवीकडून कुणी काही बोललं आणि ते समजलं नाही, की मान हलवून 'बरोबर' म्हणायचं. आपलं म्हणणं समोरच्याला समजलं नाही तरी माणसाला चालतं. ते पटलं असं दिसलं म्हणजे तो खूश असतो.

हे गुपित फक्त बायकोला माहीत होतं आणि तिने त्याची छान सोय लावली होती. कामाचं बोलायचं असलं की ती त्याच्या डाव्या बाजूला येई. मनातलं बोलायचं असलं की उजव्या. "तुमच्या घराण्यात एकाला तरी अक्कल आहे का?" असं ती उजवीकडून शांतपणे विचारी आणि तो म्हणे, "बरोबर." इतकी वर्षं संसार टिकला तो याच्यामुळे, असं तिचं मत होतं.

अशा माणसाकडे एका सकाळी त्याच्या थोरल्या बहिणीची गाडी आली. ओढून आणलेली. पुढे दोरी बांधलेला दूधवाल्याचा टेम्पो, मागे ती छोटी जुनी गाडी, आणि गाडीत स्टेअरिंगवर भाऊजी, मिरवणुकीत बसल्यासारखे ताठ.

ताईने त्याला वाढवलं होतं. आईनंतर त्याचे कान तिनेच धुतले होते आणि गरजेप्रमाणे उपटलेही होते. ती त्याला अजून 'धाकट्या' म्हणे. वीटभट्टीपलीकडच्या वस्तीत ती बायकांना शिवण शिकवायला जात असे. शिलाईची दोन मशिनं मागची सीट काढून तिथे ठेवायची आणि निघायचं. बसमध्ये ती चढवायचा प्रयत्न तिने एकदा केला होता. कंडक्टरने मशिनांचं तिकीट मागितलं आणि वर विचारलं, यांचं वय काय. म्हणून ज्या वयात लोक चष्म्याचा नंबर वाढवतात त्या वयात ती गाडी शिकली. शिकवलं अर्थात भाऊजींनी.

भाऊजींचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक मास्तर, एक गाडी आणि टपावर एक पाटी. गाडी हीच. आता स्कूल बंद झालं होतं, पाटी माळ्यावर गेली होती, पण मास्तरकी अंगातून गेली नव्हती. त्यांची दोन वाक्यं गावातल्या अर्ध्या माणसांना पाठ होती. पहिलं: "या गाडीला आजवर एक ओरखडा नाही." दुसरं: "गाडी नेहमी जरा डावीकडे धरावी. गाडी म्हणजे संसार; सैल सोडलं की उजवीकडे पळतो." त्यांच्या हाताखालून गेलेले लोक त्यामुळे रस्त्यात ओळखू येत. ते सगळे फुटपाथच्या इतके जवळून जात की सकाळी फिरायला निघालेली म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहत.

तर झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी ताई वर्गाला निघाली असताना गोदामाच्या वळणावर डावं पुढचं चाक फुटपाथवर चढलं आणि धाडकन खाली आलं. वरून काही दिसत नव्हतं. पण त्या क्षणापासून गाडी डावीकडे अशी ओढू लागली, जशी बकरी पाल्याकडे ओढते. भाऊजींनी एक फेरी मारली, घरी आले, आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

"संपलं," ते म्हणाले. "ज्याने ठोकली, त्याने चालवायची नाही. हा माझ्या स्कूलचा नियम आहे."

"मी तुमच्या स्कूलमध्ये नाही. तुमच्या घरात आहे," ताई म्हणाली.

"नियम सगळीकडे सारखा."

"मग मशिनं कशी न्यायची?"

"तिकडेच ठेव."

"तिकडे दाराला कुलूप नाही."

"मग हातशिलाई शिकव."

ताई त्यानंतर भाऊजींशी फक्त पाणी तापलंय आणि दार लावा, एवढंच बोलत होती. त्यातच निरोप आला. वर्ग ज्या खोलीत भरे तिच्या व्यवस्थापकाने कळवलं होतं की येत्या सोमवारी बाई आल्या नाहीत तर खोली बँडवाल्यांना सरावाला देऊन टाकू. बँडवाले एकदा शिरले की निघत नाहीत, हे ताईला माहीत होतं. ती शेडमध्ये आली, भावाच्या समोर, बरोब्बर समोर उभी राहिली आणि म्हणाली, "धाकट्या, मला सोमवारी गाडी हवी. आणि किल्लीही."

"गाडीचं माझ्याकडे. किल्लीचं..." त्याने भाऊजींकडे बघितलं.

"गाडी सरळ होईल," भाऊजी म्हणाले. "माणूस सरळ होईल का, तो प्रश्न आहे."

बरोबरने गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवली आणि खाली सरकला. त्या जातीच्या गाडीला पुढच्या बाजूला, चॅसीला म्हणजे खालच्या सांगाड्याला, दोन्हीकडे जाड पत्र्याचे कान जोडलेले असतात. दोन कानांच्या मध्ये लोखंडी दांडा बसतो, आरपार बोल्ट जातो, आणि त्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला चाक. खड्डा आला की चाक वरखाली होतं, दांडा कानात हलतो, पण कान हलायचे नसतात. कान मागे वाकले की चाकही मागे सरकतं आणि गाडीची चाल बिघडते. डावे कान मागे वाकलेले होते, बोटभर. नजरेनेच दिसत होतं.

भाऊजी रंगाचा रिकामा डबा उपडा घालून गाडीच्या उजव्या बाजूला बसले. "उजवी बाजू कारखान्यातून आली तशी आहे," ते म्हणाले. "हात लावू नकोस. डावी तिच्या बरोबर कर."

हे वाक्य त्याला नीट ऐकू आलं, कारण तेव्हा तो गाडीखालून बाहेर तोंड काढून पडला होता. "बरोबर," तो म्हणाला, आणि या वेळी ते मनापासून होतं. धोपट मार्ग तोच असतो. चांगल्या बाजूचा पुठ्ठ्यावर साचा काढायचा, पुठ्ठा उलटा करायचा आणि वाकडी बाजू त्याच्याशी जुळेपर्यंत झगडायचं. त्याने उजव्या कानांचा साचा काढला, चॅसीच्या गोल भोकापासूनची अंतरं त्यावर टिपली, पुठ्ठा उलटा केला. मग डाव्या कानांना साखळी बांधून जॅकने ताण दिला, गॅस पेटवला, आणि पत्रा लालसर झाला की हातोडीने हळूहळू समजूत घालू लागला. पत्र्याला मारून सरळ करता येत नाही. त्याला ताणात ठेवून, तापवून, अधूनमधून टोचत राहावं लागतं. बायकोच्या मते हीच पद्धत तिने नवऱ्यावर वापरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक लहानशी गोष्ट घडली, जिच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. तो खाली पडला होता, गॅस फुसफुसत होता, आणि भाऊजी डब्यावरून उठून वाकले. उजवीकडून. त्यांनी आजूबाजूला बघितलं, शेडमध्ये कुणी नाही याची खात्री केली आणि बरंच काही बोलले. त्याला त्यांची हनुवटी हलताना दिसली. भुवया एरवी कपाळावर चढलेल्या असत, त्या खाली आल्या होत्या. शेवटी त्यांनी प्रश्न विचारल्यासारखं तोंड केलं.

"बरोबर," तो म्हणाला.

भाऊजींनी ट्यूबमधली हवा काढावी तसा श्वास सोडला. मग कधी नव्हे ते त्यांनी स्वतःच्या पदरचा चहा मागवला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्यात माणुसकी आहे." चहा गोड होता. त्याने फार विचार केला नाही.

शनिवारी सकाळी काम झालं. साचा डाव्या कानांवर ठेवला तर नखही शिरणार नाही असा बसला. तिरक्या बाजूंनी मापं घेतली. दोन्ही जुळ्या भावंडांसारखी सारखी. चाकं चढवली. भाऊजींनी गाडी मोठ्या रस्त्यावर नेली, हात सोडले, गाडी डावीकडे गेली नाही, उजवीकडे गेली नाही.

"सरळ!" ते म्हणाले. पण चेहरा जरा गोंधळलेला होता. इतकी वर्षं गाडी डावीकडे ओढून धरायची सवय. आता ओढलं की गाडी खरोखरच डावीकडे जात होती.

परत येताना स्टेअरिंगवर बरोबर स्वतः बसला. वळणावर त्याने स्टेअरिंग फिरवलं आणि सोडलं. चांगल्या गाडीचं स्टेअरिंग सोडलं की आपोआप मधे येतं. हे आलं नाही. जिथे सोडलं तिथेच बसून राहिलं, लग्नात रुसलेल्या आत्यासारखं. त्याने शेडच्या दाराशी गाडी पूर्ण वळवली. टायर मडगार्डला मागच्या अंगाने घासला. दुसरीकडे वळवली, तिकडचाही घासला, तेवढाच, त्याच जागी.

त्याने गाडी पुन्हा ठोकळ्यांवर घेतली आणि खाली पडून विचार करू लागला. एक बाजू वाकडी असली तर गाडी ओढते आणि लगेच कळतं. दोन्ही सारख्याच वाकड्या असल्या तर गाडी कुणाचीच बाजू घेत नाही. फक्त तिचं कशात लक्ष नसतं. मापं तर सारखी येणारच. ती चुकीच्या गोष्टीची बरोबर मापं होती.

तो कूस बदलून डावा कान वर येईल असा पडला आणि हातोडीच्या टोकाने गाडीच्या उजव्या कानावर ठोकलं. टण्ण वाजायला हवं होतं. वाजलं थप्प. वर रंगाचा जाड थर होता. त्याने पटाशीने खरवडलं. काळा रंग निघाला, ब्रशने मारलेला, थेंबांचे ओघळ तसेच. कारखान्यात असे ओघळ येत नाहीत. काळ्याच्या खाली पत्र्यात एक घळ पडलेली होती, आणि घळीत हिरवा रंग.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. त्याचे पाय बाहेर दिसत होते, म्हणून ती वाकली आणि टॉर्चच्या उजेडात तिने ती हिरवी रेघ बघितली.

"अगं बाई," ती म्हणाली, डाव्या बाजूने. "हा तर ताईंच्या फाटकाचा रंग. मीच डबा धरून उभी होते रंगवताना. असला पोपटी रंग गावात दुसरीकडे कुठे आहे?"

तो गाडीखालून बाहेर आला. डबा तिथेच राहिला. दोघं गल्लीच्या टोकाला ताईच्या घरापर्यंत चालत गेली.

फाटकाला दोन झडपा होत्या आणि त्या जिथे मिळत तिथे जमिनीत एक लोखंडी खुंट रोवलेला होता, कडी अडकायला. खुंट कित्येक वर्षं तिरपा होता, कडी त्यात बसत नसे, आणि फाटक तारेने बांधून ठेवावं लागे. तार त्यानेच बांधून दिली होती. तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "जमीन खचली रे इथली," आणि तो म्हणाला होता, "बरोबर." आता तो गुडघ्यावर बसला. खुंटाची उंची त्याने हाताने मोजली. गाडीचे कान जमिनीपासून जेवढे असतात, तेवढीच. खुंटाच्या डोक्यावरचा पोपटी रंग एका बाजूने खरडलेला होता आणि तिथे गंज धरला होता.

पत्र्याला वाकडं म्हणणं सोपं. पत्रा उलटून बोलत नाही. आयुष्यात त्याने कुणालाही 'तुमचं चुकलं' म्हटलं नव्हतं, आणि सुरुवात करायची ती भाऊजींपासून, म्हणजे पोहायला शिकायचं ते थेट धरणात. 'गाडी झाली, सरळ चालते' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग दोष ताईचा ठरणार, किल्ली भाऊजींच्या खिशात राहणार, आणि सोमवारी खोलीत बँड वाजणार.

फाटकापाशी कोण बसलंय हे बघायला भाऊजी बाहेर आले. मागून ताई, गळ्यात शिवणाची टेप.

"झाली गाडी?" भाऊजींनी विचारलं.

"झाली," तो म्हणाला. मग उठून उभा राहिला. "भाऊजी, दोन्हीकडचे कान बरोबर झाले. पण बरोबर नाहीत."

"हे काय कोडं?"

"म्हणजे सारखे झालेत. नीट झाले नाहीत. मी उजवी बाजू धरून डावी केली. आणि उजवी..."

"मी तुला सांगितलं होतं की!" भाऊजी उसळून म्हणाले.

सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं. तारेवर बसलेल्या कावळ्यानेसुद्धा.

"काय सांगितलं होतंत?" ताईने विचारलं. फार हळू विचारलं.

भाऊजींनी आधी खुंटाकडे बघितलं, मग आकाशाकडे. पण सुटलेलं वाक्य परत येत नाही. "अगं, एकदा आत वळवताना जरासं... कुत्रं आडवं आलं होतं. मी शेडमध्ये याला सगळं सांगितलं. म्हटलं, उजवीकडेही बघून घे, फक्त हिच्या कानावर जाऊ देऊ नकोस, चालेल ना? हा म्हणाला, बरोबर!"

"मी?" तो म्हणाला.

"तूच! मी चहा पाजला तुला!"

बायकोने कपाळावर हात मारला. "भाऊजी, सांगताना कुठल्या बाजूला होतात तुम्ही?"

"उजव्या."

"मग झालं. त्या बाजूला मी लग्न झाल्यापासून बोलतेय. एक शब्द पोचलेला नाही."

ताईने भावाकडे वळून बघितलं. "धाकट्या, तुला उजव्या कानाने ऐकू येत नाही?"

"बरोबर," तो म्हणाला. तो शब्द त्याने आयुष्यात असंख्य वेळा वापरला होता. प्रश्न नीट ऐकून त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून, फार कमी वेळा.

मग एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून त्याने उरलेलंही सांगितलं. उजवे कान मागे गेल्यामुळे गाडी तेव्हापासून थोडी उजवीकडे ओढत होती. भाऊजी नकळत डावीकडे धरू लागले, आणि तसंच सगळ्यांना शिकवलं. पण गोदामाच्या वळणावर रस्ताच डावीकडे उतरता आहे. तिथे गाडी आपण होऊन डावीकडे जाते. ताईने शिकवल्याप्रमाणे वर आणखी डावीकडे ओढलं.

"म्हणजे ती माझ्या शिकवणीने फुटपाथवर चढली म्हणतोस?" भाऊजी म्हणाले.

"तुमच्या शिकवणीने आणि फाटकाच्या खुंटाने," तो म्हणाला. "माझ्याही पुठ्ठ्याने. मी आधी ठोकून बघायला हवं होतं."

ताई एवढा वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती म्हणाली, "ज्याने ठोकली, त्याने चालवायची नाही. तुमचाच नियम ना?"

"पण मग किल्ली कुणाचीच नाही!" भाऊजींना एकदम आशेचा किरण दिसला. "तूही ठोकलीस."

"मी माझे तीन आठवडे भोगले. तुमची शिक्षा अजून सुरूही झालेली नाही." तिने हात पुढे केला. भाऊजींनी खिसा चाचपला, जणू किल्ली कुठे ठेवली तेच आठवत नाही, आणि मग ती तिच्या तळहातावर ठेवली.

रविवारी बरोबर भंगारवाल्याकडे गेला. तिथे त्याच जातीची एक गाडी पडली होती. वरून तिच्यावर काय काय कोसळलं होतं, पण खाली दोन्हीकडचे कान जन्माला आले तसे. त्याने आधी ते ठोकून बघितले. टण्ण. मग नवा साचा काढला. दिवसभर गाडीचे चारही कान तापले, ताणले, टोचले गेले. भाऊजी टॉर्च धरून होते, आणि या वेळी डाव्या बाजूला. संध्याकाळी स्टेअरिंग फिरवून सोडलं तर ते आपोआप मधे आलं, शहाण्या मुलासारखं.

सोमवारी ताई निघाली. शेजारी भाऊजी, मागे दोन मशिनं. पहिल्याच कोपऱ्यावर गाडी फुटपाथकडे कलली आणि भाऊजी ओरडले, "डावीकडे ओढू नकोस!"

"तुम्हीच शिकवलंत."

"ते विसर!"

"एवढं सोपं असतं विसरणं, तर तुमच्याशी केव्हाच गोड बोलले असते," ताई म्हणाली आणि गाडी सरळ केली. गोदामाच्या वळणावर दोघंही श्वास रोखून होते. गाडी वळली आणि स्टेअरिंग आपणहून मधे आलं. खोली ताईकडे राहिली. बँडवाले अजून जागा शोधत आहेत.

किल्लीला आता शिवणाच्या जुन्या टेपचा तुकडा बांधलेला असतो आणि ती मशिनाच्या खणात असते. खुंटही बरोबरने सरळ करून दिला. भाऊजींनी बरेच दिवस शिक्षा गुमान सोसली. मग एकदा केस कापायला जायचं निमित्त काढून त्यांनी किल्ली मागितली, आणि ताईने दिली. बरोबर तेव्हा फाटकाच्या झडपेला तेल घालत होता. भाऊजींनी आरशात भांग बघितला, गाडी चालू केली, ऐटीत बाहेर काढली, आणि सवयीने डावीकडे धरली. फाटकाच्या डाव्या अंगाला ताईच्या झाडांच्या कुंड्या होत्या. तीन आडव्या झाल्या.

भाऊजी खाली उतरले. कुंड्यांकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. खिडकीतून ताईचा आवाज आला. तोंडात दोरा होता तरी शब्द स्वच्छ होते: "जमीन खचली वाटतं!"

भाऊजी गाडीला पूर्ण वळसा घालून आले आणि बरोबरच्या डाव्या बाजूला उभे राहिले. अगदी कानाशी वाकून म्हणाले, "खचते ना रे इथली जमीन?"

ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती. बरोबर खाली बसला, गाडीखाली डोकं घातलं, डाव्या कानांवर हातोडीने एकेकदा ठोकलं. टण्ण. तो उठला, हात पुसले.

"गाडीचे कान शाबूत आहेत," तो म्हणाला.

"आणि जमीन?"

"जमीन जागेवर आहे, भाऊजी."

खिडकीतून ताईचा हात बाहेर आला, तळवा वर करून. भाऊजींनी किल्ली त्या तळव्यावर ठेवली आणि ते केस कापायला चालत निघाले. रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने.